चाळीस पावलांवरचा दिवा

ती त्याला पहिल्यांदा भेटली तेव्हा तो उलटा होता. पाय वर, डोकं खाली, आणि त्या अवस्थेतही तरातरा चालत तो तिच्याच दिशेने येत होता.

यात त्याचा काही दोष नव्हता. आकाशाची दुर्बीण सगळं जग उलटंच दाखवते. ताऱ्यांना वर-खाली नसतं म्हणे. माणसांना असतं, पण ते खोक्यावर लिहिलेलं नव्हतं. खोक्यावर एक हसरं कुटुंब होतं आणि त्यांच्या डोक्यावर, हात वर केला तर खरचटेल इतक्या जवळ, कडीसकट शनी होता. दुर्बीण स्वस्तातली होती, त्यामुळे सगळा खर्च बहुधा त्या चित्रावरच झाला असावा. तिपाईचे पाय नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखे फाकत होते, आणि दोन भोकांना तीन स्क्रू दिलेले होते. ती दुपारपासून धुमसत होती.

तशी ती एरवीही धुमसतच असे. घरात तिला ‘ठिणगी’ म्हणत. पोटापाण्याला ती कवळ्या बनवायची. लोकांच्या तोंडात बसणारे दात केसाच्या अंतराने घासून बसवायचं काम करणारी ही मुलगी स्वतःचं तोंड मात्र कधी आवरू शकली नाही.

दुर्बिणीबरोबरच्या चिटोऱ्यावर लिहिलं होतं की मोठ्या नळीच्या पाठीवर जी नेम धरायची छोटी नळी असते, ती आधी उजेडातच मोठीशी जुळवून घ्यावी. त्यासाठी दोन्ही नळ्या लांबच्या एखाद्या स्थिर वस्तूवर रोखाव्यात. तिने परसाच्या भिंतीपलीकडच्या पत्र्याच्या शेडवर टांगलेला मोठा दिवा निवडला. चाळीस पावलांवर असेल. जिच्या धंद्यात लांब म्हणजे पुढच्या दातापासून अक्कलदाढेपर्यंत, तिला चाळीस पावलं म्हणजे परदेशच.

आणि त्या दिव्याखालून तो उलटा माणूस निघाला.

“काय चाललंय?” भिंतीवरून सुलट डोकं वर आलं. केसांत लोखंडाचा चुरा होता.

“दिवा बघतेय.”

“दिवा बघायला दुर्बीण लागते? भोपळ्याएवढा आहे तो.”

“माहितीये. रोज संध्याकाळी माझ्या उशीपर्यंत येतो तुमचा भोपळा.”

“मी तिथे बनियनवर काम करतोय, आणि तुम्ही—”

“अहो, उलट्या माणसाचं बनियन कोण बघतं?”

वेल्डर माणूस. गिऱ्हाइकांची नाना तऱ्हेची उत्तरं त्याने ऐकली होती, पण हे त्यांत नव्हतं. “मी… उलटा?”

“पूर्ण. आणि खरं सांगू? तसेच बरे दिसत होतात.”

तो परत गेला आणि त्याने शर्ट चढवला. हे तिने दुर्बिणीतून पाहिलं नाही. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.

आता शनीचं. माणसाच्या मागे साडेसाती लागते हे आपण ऐकून आहोत. ही मुलगी साडेसातीच्या मागे लागली होती. शनी त्या दिवसांत सूर्य मावळल्यावर पश्चिमेला, नेमका त्या शेडच्या वर, अर्धा तास काय तो दिसायचा. रोज थोडा खाली उतरत होता. शनिवारनंतर तो सूर्याच्या उजेडात बुडणार आणि महिना-दीड महिन्याने उगवणार तो थेट पहाटेचा, असं वर्तमानपत्रात आलं होतं. पहाटे ती स्वतःशीसुद्धा बोलत नसे.

शिवाय घरी शब्द देऊन बसली होती. माळ्यावर तिची गिटार होती, विणकामाच्या सुया होत्या, जर्मन शिकण्याची पहिल्या नऊ पानांपर्यंत मळलेली पुस्तकं होती.

“हिलाही जागा करून ठेवते हो माळ्यावर,” दुर्बिणीकडे बघत वहिनी म्हणाली होती.

“शनिवारपर्यंत कडी दिसली नाही ना,” ती कडाडली होती, “तर मी स्वतः चढवीन तिला माळ्यावर. आणि पुन्हा कशाला हात लावणार नाही!”

“हे शेवटचं आवडलं मला,” असं म्हणून बाबांनी शब्दकोड्यात डोकं घातलं होतं.

सोमवारी नुसता काळोख दिसला. मंगळवारीही काळोखच, फक्त थोडा हलणारा. नुसत्या डोळ्यांना शनी शेडच्या वर ठळक दिसत होता, छोट्या नळीत तो मधोमध बसत होता, आणि मोठ्या नळीला डोळा लावला की गुल. तिने खोक्यातलं सगळ्यात जोरकस भिंग लावलं होतं. हळू असं काही ती करतच नसे.

तो भोपळ्याएवढा दिवा तिच्या डोळ्यांवर भगभगत होता. गुन्हेगार समोरच उभा म्हटल्यावर तपास कोण करतो?

बुधवारी ती भिंतीवर चढून बसली. “अर्धा तास तो दिवा बंद करा.”

“शनिवारी गेट द्यायचंय. बारा फुटी. उजेड लागतो.”

“सकाळी करा.”

“सकाळी जिने करतो.”

“शनी थांबणार नाहीये!”

“गेटवालाही थांबणार नाहीये.”

“तुम्हाला काय कळणार आकाश! दिवसभर काळी काच बांधून बसायचं तोंडावर.”

हे जरा जास्तच झालं. तिलाही कळलं, पण तोंडातून सुटलेला शब्द आणि हातून सुटलेली कवळी, दोन्ही जमिनीवर पडल्यावरच आवाज करतात. तो ताडताड गेला आणि त्याने बटण असं आपटलं की पत्रा थरथरला. शेड काळोखात बुडाली.

“घ्या!”

“घेतलं!”

…आणि तरीही काही दिसलं नाही.

अर्ध्या तासाने काळोखातून आवाज आला, “दिसला का?” तो उपड्या ड्रमवर बसला होता. शेजारी अर्धं गेट आडवं पडलं होतं.

तिने तोंड उघडलं. खरं काय ते सांगायचं होतं. “दिसला,” ती म्हणाली.

“कडी?”

“कडीसकट.”

“कशी असते हो?”

“…गोल.”

“वा,” तो म्हणाला. आणि ते त्याने इतक्या मनापासून म्हटलं की तिला रात्री जेवण गेलं नाही.

गुरुवारी तिने न सांगताच दिवा बंद झाला. नंतर ती भिंतीपाशी गेली. न जाऊन कसं चालेल, माणूस वाट बघत बसलेला. शनीचा रंग तिने पिवळसर सांगितला. ‘थोडी तिरकी असते कडी,’ असंही ठोकून दिलं. तो म्हणाला, “तुमच्या घरचे ठिणगी म्हणतात ना तुम्हाला? ऐकू येतं भिंतीवरून.”

“मग?”

“काही नाही. ठिणग्यांची मला सवय आहे.”

ती चिडली. म्हणजे, चिडायला हवं होतं. ती नुसतीच लाल झाली, आणि काळोख होता म्हणून अब्रू वाचली.

ती घरात शिरली तेव्हा वहिनी दारात उभीच होती. “नाचता येईना अंगण वाकडं… आता तर अंगणापलीकडचा दिवाही घालवलास. दिसलं का काही?”

“तू गप गं!”

शुक्रवारी दुपारी ती दोरीवरचे कपडे काढत होती, तेव्हा भिंतीपलीकडे गेटवाला आला होता. त्याचा आवाज त्याच्याच गेटसारखा बारा फुटी होता. “उद्या द्यायचंय आणि अजून पट्ट्यासुद्धा लागल्या नाहीत? झोपा काढता का इथे?”

“संध्याकाळी अर्धा तास काम बंद असतं,” वेल्डर म्हणाला.

“का?”

“आहे कारण.”

“काय कारण? अहो, तोंड आहे का नाही? तुमच्यासारख्यांना काम देणारेच मूर्ख!”

वेल्डर पुढे काही बोलला नाही. कारण सांगितलं असतं तरी चाललं असतं. ‘ती पलीकडची बया ऐकत नाही’, एवढं म्हटलं असतं तरी गेटवाला गार झाला असता. तिने हातातला टॉवेल पिळला. तो आधीच वाळलेला होता. दुर्बिणीवर, खोक्यावर, दिव्यावर, वहिनीवर रागावून झालं होतं. आता एकच व्यक्ती उरली होती, आणि तिच्यावर रागावायची तिला मुळीच सवय नव्हती.

शनिवारी तो भिंतीवरून नाही, दारातून आला. पहाटे तीनला उठून त्याने गेट पुरं केलं होतं आणि दुपारी पोचवलंही होतं. डोळे लाल होते, शर्ट इस्त्रीचा होता.

“आज शेवटचा दिवस ना? म्हटलं, मलाही दाखवा. दिवा बंद करून येऊ?”

“नको.” तिला त्याच्याकडे बघवेना. “राहू दे आज चालू.”

तो वाकला, भिंगाला डोळा लावला. आत काय होतं ते तिला माहीत होतं. शेजारी उभी राहून ती स्वतःचाच निकाल ऐकायला थांबली. तो बराच वेळ तसाच होता.

“छान आहे,” शेवटी तो म्हणाला.

“काय?”

“छान आहे. पिवळसर.”

“काय पिवळसर?” तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “काळं आहे ते! ठार काळं! खोटं बोलता माझ्यापुढे?”

“मला वाटलं…” तो चाचरला. “तुम्हाला रोज दिसतो म्हणालात. मला दिसेना. म्हटलं आपलेच डोळे गेले. वेल्डरचे डोळे, काय भरवसा…”

एवढं मात्र तिला झेपलं नाही. “तुमचे डोळे ठीक आहेत,” ती म्हणाली. “मला एकदाही दिसला नाही. एकदाही. मी… थापा मारत होते.”

आणि तेव्हा तो चिडला. आठवडाभरात पहिल्यांदाच धडपणे चिडला.

“तीन दिवस! तीन दिवस त्या ड्रमवर बसलो मी डासांना रक्त पाजत! त्या माणसाची बोलणी खाल्ली! आणि घरी जाऊन कडी कशी तिरकी असते त्याचा विचार करत झोपलो!”

“ओरडू नका माझ्यावर!”

“मग कोणावर ओरडू? शनीवर?”

वरची खिडकी उघडली. “शनीवर ओरडायचं तर लवकर ओरडा,” बाबा म्हणाले. “दहा मिनिटांत मावळतोय.” खिडकी बंद झाली.

दोघं घुश्शात उभी राहिली. मग, हाताला काहीतरी काम हवं म्हणून, त्याने छोट्या नळीतून पाहिलं. मोठीतून पाहिलं. पुन्हा छोटीतून.

“ही कशावर जुळवलीत?”

“तुमच्या दिव्यावर.”

“त्या दिव्यावर? चाळीस पावलांवर?”

“लांबच आहे की!”

“दातांना असेल लांब!” त्याने दोन बोटं तिच्या नाकासमोर धरली आणि टोकं एकमेकांकडे झुकवली. “जवळच्या वस्तूवर रोखल्या की दोन्ही नळ्या अशा तिरक्या होतात. दिव्यापाशी भेटतात, आणि पुढे? फाकत जातात. छोटीत शनी मधोमध, आणि मोठी बघतेय भलतीकडे. हे जोरकस भिंग तर सुईच्या भोकाएवढंच आकाश दाखवतं. चुकणारच. बिजागऱ्या जुळवताना मी सूत लांब ताणतो ते उगाच?”

“मग आता?”

“ते बघा, गावाबाहेरचा मनोरा. लाल दिवा. त्यावर जुळवू.”

त्याने मोठी नळी हलवली, तिने तिला डोळा लावून सांगितलं. “डावीकडे. अहो, तुमचं डावं नव्हे, माझं! थांबा… थांबा. आला लाल.” स्क्रू फिरवून त्याने छोटीही त्याच दिव्यावर आणली. मग दोघांनी मिळून ती थरथरती तिपाई पश्चिमेकडे वळवली. एक पाय त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

ती वाकली. आणि गप्प झाली.

घरात ही शांतता इतकी अनोळखी होती की वहिनी बाहेर डोकावून गेली.

एवढासा होता. तांदळाच्या दाण्याहून लहान, फिका, आणि त्याच्याभोवती कडी. खरीखुरी कडी. मधे बारीकशी काळी फट सोडून, कशालाही न टेकता, कोणी केसाच्या अंतराने घासून बसवल्यासारखी.

“तिरकी आहे,” ती पुटपुटली. “अहो, खरंच तिरकी आहे!”

“मला बघू द्या.”

“थांबा ना… अरे, चालला! सरकला!”

पृथ्वी फिरत असते ही गोष्ट तिने शाळेत ऐकली होती, पण इतकी घाई करत असेल असं वाटलं नव्हतं. एका मिनिटात शनी भिंगाबाहेर. मग एकाने बघायचं, दुसऱ्याने पाय धरायचा. निसटला की ढकलून आणायचा, जागा बदलायची. जागा बदलताना खांद्याला खांदा लागायचा. तिसऱ्या खेपेला जरा जास्तच वेळ लागला.

“दिवा चालूच आहे की हो,” अचानक तिच्या ध्यानात आलं. “म्हणजे दिव्याचा काही…”

“काही संबंध नव्हता.”

“आणि तुम्ही तीन दिवस उगाच…”

“उगाच नाही.” तो तिपाईच्या पायाशीच बसून होता, वर न बघता. “दिवा चालू असता तर तुम्ही भांडायला आला असतात. बंद केला की सांगायला यायचात. भांडणही आवडत होतं मला. पण सांगताना… हातांनी आकार काढून दाखवायचात तुम्ही. काळोखात नीट दिसायचं नाही, तरी दिसायचं.”

पश्चिमेला तो पिवळा ठिपका पत्र्याच्या कडेला टेकला, थरथरला, आणि पलीकडे गेला. आता काही महिने संध्याकाळी नाही. पण तिने बघितला होता. आणि मुख्य म्हणजे, थापेबाजी न करता बघितला होता.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडात नव्या कवळीसारखं टोचलं, पण बसलं.

तो उठला, हात झटकले आणि तिच्याकडे बघत राहिला.

“काय बघतोस?”

“न चिडलेली पहिल्यांदाच बघतोय.”

“मग? कशी दिसते?”

त्याने खूप विचार केला. “अनोळखी,” तो म्हणाला. “ओळख करून घ्यावी लागेल.”

“मग घे ना करून!” ती म्हणाली, आणि तेही जरा चिडूनच म्हणाली.