चमच्याचे दोन टोले

नाकापेक्षा मोती जड होऊ नये म्हणतात. चहाच्या कारखान्यातल्या या चवपारख्याचं नाक हाच त्याचा मोती होता. सगळे त्याला नाकसाहेब म्हणत. तिथे काळ्या चहाला बर्गमॉटचं, म्हणजे संत्र्याच्या जातीतल्या एका आंबट फळाच्या सालीचं तेल लावत. ते नीट बसलं की नाही, हे तो ठरवी. चार मिनिटं मुरवायचा, भुरका मारायचा, थुंकायचा आणि कपाच्या कडेवर चमचा वाजवायचा. एक टोला नापास, दोन टोले पास.

तापातून उठला आणि वास गेला. बायकोखेरीज कुणाला सांगितलं नाही. सांगतो कसा? मालकांचा मेहुणा त्याच्या खुर्चीवर डोळा ठेवूनच होता.

तीन दिवस अंदाजपंचे टोले वाजवले. चौथ्या दिवशी दहा वाजता, समोर एकही कप नसताना, बर्गमॉटचा वास आला. पाठोपाठ करपलेल्या दुधाचा. त्यानं घरी फोन लावला.

"दूध उतू गेलं का गं?"

"अगंबाई, तुम्हाला कसं कळलं? तुमचाच तो संत्र्याचा चहा करत होते, तिकडे लक्ष गेलं. नाक घरी विसरून गेलात की काय?"

थट्टाच ती. पण दुसऱ्या दिवशी त्याला टेबलाशी बसून तिचा कपड्यांचा साबणसुद्धा कळला. तो हिशेबी माणूस; असं कसं, हे विचारत बसला नाही, वापरायला लागला. संध्याकाळी नमुना घरी न्यायचा, सकाळी दहाला बायकोनं त्याचा चहा करायचा, इकडे त्यानं टोले वाजवायचे. महिनाभर एक लॉट परत आला नाही. मेहुण्याचं तोंड एवढंसं झालं.

त्या दिवशी मोठा लॉट होता, तेल नवं होतं, आणि मेहुणा हाताची घडी घालून समोर उभा. दहाला वास आला. नेहमीपेक्षा जवळून. नाकाला वाफ लागावी इतक्या जवळून. त्यानं चमचा उचलला, तोच फोन वाजला.

"अहो, ताईला बरं नाही. तुम्ही गेल्यावर लगेच कुलूप लावून इकडे आले. आज तुमचा चहा राहिला हं."

"मग आत्ता कुणी केला?"

"कुणी म्हणजे? घरात आहे कोण?"

त्यानं खिसा चाचपला. दुसरी किल्ली जागेवर होती.

घरचा नंबर फिरवला. तिसऱ्या घंटेला फोन उचलला गेला.



मग भुरका. आखूड, कडक. मग थुंकल्याचा आवाज.

"काय नाकसाहेब, पास की नापास?" मेहुण्यानं विचारलं.

पलीकडे कपाच्या कडेवर चमचा वाजला. एकदा.

मग बराच वेळ काही नाही. शंका आली की तो स्वतः थांबायचा, तेवढाच वेळ.

मग दुसऱ्यांदा.

"पास," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मेहुणा हसला. "पास तर पास. आधी मिशी पुसा, थेंब गळतोय."

त्यानं हात लावला. मिशी ओली होती, कोमट.

समोरचा कप काठोकाठ भरलेला होता. चमचा कोरडा.