बारा माशांची चरबी

"मी माशांचं खाद्य चोरते म्हणे!" तळं सांभाळणाऱ्या काकू खुर्चीत टेकल्याही नव्हत्या. "एकोणीस वर्षं खपले हो तिथे! आज संध्याकाळपर्यंत नोकरी सोड, तळ्याकाठची खोली रिकामी कर, असं सांगितलंय मालकांनी."

गुप्तहेर घारीबाईंनी तपासणीचा रिपोर्ट वाचला. बारा मासे, आणि चरबी गेल्या हिवाळ्याच्या निम्मीसुद्धा नाही.

"चरबी कमी म्हणजे खाणं कमी!" त्यांचे दीर ठासून म्हणाले. भाऊजी स्वतःच्या पोटावरून साऱ्या जगाचा अंदाज बांधत.

"काकू, माशांनी अंडी कधी घातली?"

"झाले की तीन आठवडे."

तळ्यावर मालक घुश्शातच होते. "नमुना माझ्या मेहुण्याने काढलाय. घरचा माणूस आहे!"

मेहुणा गोडगोड हसला. "एकदा जाळं टाकलं, हाताला आले ते बारा उचलले. नर कुठला, मादी कुठली, मला काय कळतंय?"

"तुमच्या अंगठ्यांना काय झालं?" घारीबाईंनी विचारलं.

"सायकलची चेन लागली."

तपासणीसाठी चिरलेले बाराही मासे फ्रिजमध्ये होते. घारीबाईंनी एकेक उलटून पाहिला. प्रत्येकाच्या पोटात चार-दोन अंडी चिकटलेली होती.

"काकू, तळ्यात नर किती?"

"निम्मे तरी असतील."

घारीबाई मालकांकडे वळल्या. "मादी अंगातली चरबी अंड्यांवर घालवते. अंडी घातली की ती रोडावतेच, कितीही खाऊ घाला. हिवाळ्यातला नमुना त्याआधीचा होता. आत्ताचा नंतरचा, आणि वर बाराच्या बारा माद्या! हाताला येतील ते उचलले, तर एकही नर कसा नाही?"

"योगायोग!" मेहुणा म्हणाला.

"या दिवसांत नराचे कल्ल्यांमागचे पर खरखरीत होतात. अंगठा फिरवला की नर कळतो. किती नर पाण्यात परत सोडलेत? दोन्ही अंगठे सारखे सोलवटलेत तुमचे. चेन असं घासत नाही."

"पण खाद्य चोरलं नाही कशावरून?" मालक अडून बसले.

काकूंनी जाळं टाकलं, अंगठ्याने चाचपून एक नर काढला आणि त्याचं पोट चिरलं. आत चरबीचे पांढरेशुभ्र थर!

"अहो, हा तर खाऊन खाऊन माजलाय!" भाऊजी टाळ्या पिटत ओरडले.

मेहुण्याचा चेहरा पडला. "माझ्या जावयाला काकूंच्या जागी चिकटवायचं होतं," तो पुटपुटला.

मालकांनी काकूंपुढे हात जोडले. "चुकलो, काकू," ते हळूच म्हणाले.

"चोर म्हणताना आवाज चांगला खणखणीत होता," काकू म्हणाल्या. "तेवढ्याच आवाजात म्हणा."

बांधावरचे सगळे कामगार हातातली कामं टाकून बघू लागले. मालकांनी घसा खाकरला आणि पलीकडच्या काठापर्यंत ऐकू जाईल असं ओरडून म्हटलं, "काकू, मी चुकलो!"