पिवळी कमान

फुगा उघड्या दारातून बाहेर पडला आणि टप्पे खात जिना उतरला, तेव्हा धाकटी स्टुलावर उभी होती. दातांत दोरा, दोन्ही हातांत चिकटपट्टी. मागे धावायची सोय नव्हती. थोड्या वेळानं खालून आवाज आला — फट्ट. आणि मिनिटभरानं दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. केसांत लाकडाचा भुसा, शर्टाच्या खिशात चार खिळे आणि तळहातावर रबराची पिवळी चिंधी.

"हा तुमचा... होता," तो म्हणाला.

धाकटीला हसू आवरेना, आणि हसता हसता दातांतला दोरा सुटला. तो माणूस खालच्या मजल्यावर दाराची चौकट बसवायला आला होता. फुगा अंगावर आला म्हणून त्यानं तो छातीशी धरला, आणि खिशातल्या खिळ्यांनी आपलं काम केलं. नवा आणून देतो म्हणाला. ती म्हणाली, राहू दे, इथे तोटा नाही.

तोटा खरंच नव्हता. ज्या दुकानात ती छायाप्रती काढायची ते बंद पडलं आणि नोकरी गेली. त्याच महिन्यात ताईच्या बाळाच्या वाढदिवसाला तिनं हौसेनं फुग्यांची सजावट केली. ती बघून नात्यातल्या दोघीतिघींनी विचारलं, आमच्याकडे करशील का? झालं, धाकटीनं बाहेरची खोली फुग्यांना देऊन टाकली. बाबांची खुर्ची स्वयंपाकघरात गेली. बाबांनी उभा जन्म पोस्टात शिक्के मारले होते, ठोकाठोकीची त्यांना सवय, पण फुगा फुटला की तेही दचकायचे. गिऱ्हाईक आलं तर बसवणार कुठे, फुग्यावर? असं रोज एकदा विचारायचे, आणि लेकीनं तोंड फिरवलं की गुपचूप पंपाचं बटण दाबून बघायचे.

माणूस मात्र जिना उतरेना. त्याची नजर टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर खिळली होती. खोक्याला तीन भोकं होती. कशाला, त्यानं विचारलं. धाकटीनं दाखवलं — फुगा आधी जरा जास्त फुगवायचा, भोकात धरायचा आणि अलगद बसेल इतकी हवा सोडायची. म्हणजे सगळे एका मापाचे होतात. नाहीतर कमान वाकडी दिसते.

"हे भोक गोल नाही," तो म्हणाला.

"गोलच आहे."

"अंड्यासारखं आहे. तुमची कमान डावीकडे झुकत असणार."

झुकत होती. धाकटीला राग आला, आणि रागापेक्षा नवल जास्त वाटलं. दोन दिवसांनी तो प्लायवूडचं खोकं घेऊन आला. पाच भोकं, कडा घासून गुळगुळीत, प्रत्येकाखाली पेन्सिलीनं माप लिहिलेलं. मग तिथेच उभ्या उभ्या, पायाकडे बघत त्यानं विचारलं, की फक्त वाढदिवसाचंच करता का... कुणी हॉस्पिटलमधून घरी येणार असेल तर?

त्याची आई. शनिवारी सोडतील असं डॉक्टर म्हणाले होते.

परक्याकडून आलेली ही धाकटीची पहिली ऑर्डर. रंग आईनंच कळवले होते: पिवळे हवेत, पांढरा एकही नको, पांढरं बघून बघून डोळे विटले. शुक्रवारी धाकटीनं त्याच्या घरच्या दाराला आतल्या बाजूनं कमान बांधली. दीडशे फुगे, मोठ्यांच्या मध्ये छोटे दडवलेले. तो स्टूल धरून उभा होता. ती त्याला मिस्तरी म्हणायची, तो तिला मॅडम.

"मिस्तरी, स्टूल हलतंय."

"स्टूल नाही हलत, मॅडम. मी केलेलं आहे ते."

"मग काय हलतंय?"

तो स्टुलाच्या पायांकडे बघायला लागला. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या. धाकटीनं ते वरून नीट बघितलं आणि पुढचे तीन फुगे चुकीच्या जागी बांधले.

शनिवारी आई आली नाही. तपासणीत काहीतरी निघालं, आता बुधवारी म्हणाले. कमान काढू का, धाकटीनं विचारलं. तो म्हणाला, नको, बुधवार काय लांब आहे? पण फुग्याचं आयुष्य ते केवढं. तिसऱ्या दिवशी तो मऊ पडतो, त्याच्यावर सुरकुत्या येतात. म्हणून धाकटी सोमवारी आली आणि मऊ पडलेले काढून नवे भरून गेली. बुधवारचा रविवार झाला, रविवारचा पुढचा शुक्रवार. दर तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाचला, ती पिशवी घेऊन हजर. तोवर तो काम उरकून घरी आलेला असायचा. आईची चाकांची खुर्ची आत यावी म्हणून त्यानं उंबरा तासून सपाट केला. पलंग चार बोटं खाली उतरवला. न्हाणीघरात धरायला लाकडी कठडा करायला घेतला. ती फुगे भरायची, तो रंधा मारायचा, आणि दोघं एकमेकांकडे न बघता बोलत राहायचे. कधी मॅडम गेली आणि कधी 'तू' आलं, दोघांनाही कळलं नाही.

एकदा त्याच्या बोटात लाकडाची कूस घुसली. धाकटीनं सुईनं काढली. कूस निघून गेल्यावरही हात तिच्याच हातात होता.

"निघाली ना?" तिनं विचारलं.

"कधीच," तो म्हणाला. पण हात काढला नाही.

प्रेम होतं ते, उगाच दुसरं नाव कशाला द्यायचं? घरी गेली तरी धाकटी स्वतःशीच हसत असायची, आणि बाबा रेडिओचा आवाज कमी करून तिच्याकडे बघत राहायचे. काही विचारायचे नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात तो तिला आईला भेटवायला घेऊन गेला. आई बारीक झाली होती, डोळे मात्र तरतरीत. तीस वर्षं तिनं घरी बसून लोकांचे कपडे शिवले होते. धाकटीला जवळ बसवून तिनं धंद्याचं सगळं विचारलं आणि दोन गोष्टी बजावल्या: घरात धंदा करतेस तर जेवायची वेळ गिऱ्हाइकाला विकू नकोस, आणि नात्यातलं काम आधी करू नकोस, ती माणसं वाट बघतात. मग मुलाला म्हणाली, जा, हिच्यासाठी चहा घेऊन ये. तो गेला तशी तिनं धाकटीचं मनगट धरलं.

"मी घरी येणार नाही, पोरी. डॉक्टरांनी मला सांगितलंय. त्याला सांगू नका असं मीच म्हटलं."

"काकू, पण तो... तो कठडा करतोय."

"करू दे. हातात काम असलं की तो जेवतो. कमान काढलीस तर त्याच दिवशी हात टेकेल. मी सांगीन त्याला, माझी मी, वेळ बघून. तू मध्ये पडू नकोस. वचन दे."

जिन्यात त्याची पावलं वाजत होती. धाकटीनं वचन दिलं. चहा तिच्या हातात तसाच निवला, आणि तो म्हणाला, आवडला नाही का?

काकूंना ती वेळ काही सापडली नाही. मुलगा सकाळी कामावर जाताना दहा मिनिटं डोकावायचा आणि आज काय तासलं, काय घासलं ते उत्साहानं सांगायचा. त्याच्या तोंडावर कोणती आई सांगेल? धाकटी मात्र दर तिसऱ्या दिवशी येत राहिली. कुणासाठी कमान सजवतोय हे तिला माहीत होतं, आणि कुणी त्या कमानीखालून येणार नाही हेही.

मग तो मंगळवार आला. आईपाशी निवांत बसून भेटायची वेळ चार ते सहा. तो कठड्याला शेवटचा हात देत होता.

"आज जाऊन ये ना संध्याकाळी," धाकटी म्हणाली.

"एवढं बसवलं की झालं. उद्या सकाळी जाऊन सांगतो तिला, तुझा कठडा तयार म्हणून." त्यानं तिच्याकडे बघितलं. "का, मला घालवायची घाई झालीय?"

तेव्हा ती म्हणू शकली असती, उठ, आत्ता जा. काय ते एक वाक्य. पण खिडकीतून ऊन आत आलं होतं, खोलीत ताज्या लाकडाचा वास होता, आणि तो तिच्याकडे असा बघत होता की तिला वाटलं, आजचा एकच दिवस. आजच्या दिवस तो इथे असू दे. ती म्हणाली, नाही रे, घाई कसली. आणि पुढचा फुगा खोक्यात धरला.

साडेपाचला फोन वाजला.

त्यानं ऐकलं, फोन खाली ठेवला आणि कमानीकडे बघत राहिला. आईला तासाभरात घरी आणणार होते. लोक यायला लागतील. ती पिवळी कमान दारात तशीच होती, त्या दिवशी तर नवीनच भरलेली, टवटवीत.

"हे काढ," तो म्हणाला. "पण आवाज नको."

न फोडता फुगा उतरवायची एक रीत असते. गाठीजवळची मान चिमटीत धरायची, कात्रीनं तिथेच बारीक काप द्यायचा आणि हवा हळूहळू जाऊ द्यायची. धाकटीनं दाखवलं. मग दोघं दारात जमिनीवर बसले आणि एकेक फुगा मांडीवर घेऊन दीडशे फुग्यांची हवा सोडली. शेवटी शेवटी त्याचे काप जागा चुकायला लागले तेव्हा धाकटीनं कात्री काढून घेतली आणि उरलेले एकटीनं केले. आई घरी आली तेव्हा दार मोकळं होतं. सपाट केलेल्या उंबऱ्यावरून तिला आत आणायला कुणालाच त्रास झाला नाही.

पुढे वीसेक दिवसांनी तो धाकटीच्या घरी आला. बाबांनी एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि भाजी आणतो म्हणून पिशवी न घेताच बाहेर पडले. तो फुग्यांच्या पसाऱ्यात स्टुलावर बसला. वाळला होता. बराच वेळ पंपाची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिला.

"आईची खोली रिकामी आहे," तो म्हणाला. "उजेड चांगला येतो. तुझा धंदा तिथे नीट मांडता येईल... मी फळ्या ठोकून देईन. म्हणजे... तू येशील का? कायमची?"

किती वेळा तिनं हे वाक्य मनात ऐकलं होतं. हो म्हणायला ओठ उघडलेसुद्धा. ती गोष्ट आता तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. काकू गेल्या, डॉक्टर कशाला बोलतील? हो म्हटलं असतं तर सगळं मिळालं असतं. पण त्या खोलीत, त्या उजेडात, रोज त्याच्यासमोर बसून फुगे भरायचे आणि हे पोटात ठेवायचं? ते तिला जमणार नव्हतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "काकूंनी मला सांगितलं होतं. तू चहा आणायला गेला होतास तेव्हा."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं सगळं सांगितलं, वचनाचं, काकूंना वेळ न सापडल्याचं. आणि थांबता आलं असतं तिथे ती थांबली नाही. "मंगळवारी मी तुला पाठवू शकले असते. वचन न मोडतासुद्धा. नाही पाठवलं. मला तू तिथे हवा होतास."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं बोटाभोवतीची वायर सोडवली. मग उठला, वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली आणि जिना उतरून गेला. धाकटी तशीच उभी राहिली. बाबा आले तेव्हाही उभीच होती. त्यांनी विचारलं, गेला का? ती हो म्हणाली आणि लहानपणी रडायची तशी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

धंदा वाढला. बारशी झाली, निरोपसमारंभ झाले, एका दुकानाचं उद्घाटनही. प्रत्येक फुगा त्या प्लायवूडच्या खोक्यातून जायचा आणि कमानी आता सरळ उभ्या राहायच्या. भोकांखालची पेन्सिलीची मापं हात लागून लागून पुसट झाली. तिनं ती पुन्हा गिरवली नाहीत. मापं तिला पाठ होती, पण अक्षर त्याचं होतं.

सात महिन्यांनी तो पुन्हा दारात उभा राहिला. खिशात खिळे नव्हते, पायाशी बॅग होती. दूरच्या शहरात फर्निचरच्या कारखान्यात काम मिळालं होतं, गाडी दुपारची होती. आत ये म्हटलं तर आला नाही.

"आईनं सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "तू नाही. तिचं काम होतं ते. एवढं मला कळायला सात महिने लागले."

"आणि मंगळवार?"

"मंगळवारी मलाही तिथेच थांबायचं होतं गं. कठडा नुसतं निमित्त होतं. तेच तर माझ्यानं सहन होत नाही... तुला बघितलं की आधी ती कमान दिसते, मग तू. कधीतरी उलटं होईल. कधी, ते माहीत नाही."

धाकटीनं मान हलवली. डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही. मी वाट बघू का, असं तिला विचारायचं होतं. विचारलं नाही. त्यानं बॅग उचलली, दोन पायऱ्या उतरला आणि मागे वळला.

"मी परत आलोच कधी... तर फुगे लावू नकोस," तो म्हणाला. "नुसतं दार उघड."