पेटाऱ्यात माणूस मावतो का?

“तुमच्या या पेटाऱ्यात माणूस मावतो का?”

प्रश्न मी विचारला खरा, पण तो माझा नव्हता. माझ्या वर्गातल्या चंचल आणि रक्षानं पैज लावली होती. बारावीत आल्यापासून मी कोणालाच घाबरत नाही, असं वर्गभर सांगत सुटले होते ना मी... मग त्या निळ्या पेटारेवाल्याला हे विचारून दाखव म्हणाल्या.

सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत तो रोज दुपारी चारला यायचा. लांबडी, बॅटरीवर चालणारी सायकल, हँडल आणि पुढच्या चाकाच्या मध्ये हा एवढा पेटारा, आणि पेटाऱ्यात घरोघरची पार्सलं. इंजिनाचा आवाज म्हणून नाही. नुसती चेनची किरकिर, की समजायचं — आला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. हसला नाही.

“वजन किती?”

“कोणाचं?”

“ज्याले बसवाचं हाय, त्याचं. ऐंशी किलोच्या वर गेलं का चढावर गाडी रडते.”

मागे चंचलच्या ओट्यावर त्या दोघी हसून हसून आडव्या झाल्या होत्या. मी लाल कानांनी परत आले. पैज जिंकले म्हणे. मला मात्र हरल्यासारखं वाटत होतं... आणि हरून बरंही वाटत होतं.

छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं, जंगू मडावी. बाकीचं हप्त्याहप्त्यानं कळलं. गाव आर्वीकडचं, राहणं वर्ध्याच्या वसतिगृहात, सकाळी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचं दुसरं वर्ष आणि दुपारी ही सायकल. कळायला कारण होतं आमच्या गल्लीचे पत्ते. कोणी पत्ता लिहायचा ‘लिंबाच्या झाडाजवळ’, आणि ते झाड तर दोन वर्षांपूर्वीच तोडलेलं. त्यात नळाच्या पाइपसाठी सगळी गल्ली खोदून ठेवलेली. शेवटी मीच फिजिक्सच्या वहीचं पान फाडून नकाशा काढला. कोणाचं घर कोणतं, कुठल्या खड्ड्यावर फळी टाकलीय, कुठलं कुत्रं नुसतंच भुंकतं. त्यानं तो कागद पेटाऱ्याच्या झाकणाला आतून चिकटवला. झाकण उघडलं की माझं अक्षर. हे मला माहीत होतं. मला माहीत आहे, हे त्यालाही माहीत होतं.

आईच्या नजरेतून मात्र काही सुटत नाही. पोळ्या लाटता लाटता एकदा म्हणाली, पार्सल घ्यायचं, नंबर सांगायचा, दार लावायचं, त्यात बोलण्यासारखं काय असतं. तेव्हापासून मी शिकवणीची बॅग पाठीला लावून गल्लीत उभी राहू लागले. शिकवणी पाचला. मी घरून निघायची पावणेचारला.

मग ऑक्टोबरातला तो मंगळवार आला.

गल्लीच्या टोकाला शकुबाई राहते, टोपलीत भाजी घेऊन विकणारी. जंगू तिच्याशी त्यांच्या गोंडीत बोलायचा. माझ्याकडे बघून दोघं काहीतरी बोलायचे, आणि मला एक अक्षर कळायचं नाही. त्या दिवशी ती आपल्या दारात छातीवर हात दाबून बसली, घामानं चिंब. कोणीतरी अॅम्ब्युलन्सला फोन लावला. गल्ली खोदलेली, आत कशी येणार... आणि यायला अर्धा तास लागेल म्हणे. मी पेटाऱ्याकडे पाहिलं. या वेळी प्रश्न माझा होता.

“जंगू, मावेल का?”

त्यानं वजन विचारलं नाही. पार्सलं भराभर चंचलच्या ओट्यावर रचली, पेटाऱ्यात पोतं अंथरलं, वर माझी ओढणी. शकुबाई लहान मुलासारखी पाय पोटाशी घेऊन आत बसली. फळ्यांवरून, खड्ड्यांच्या कडेकडेनं, एक धक्का न देता त्यानं तिला बाहेर काढलं आणि थेट सावंगीच्या दवाखान्याची वाट धरली. मी चंचलची सायकल घेऊन मागे. त्याची बॅटरीची, माझी पायांची. पोटऱ्या पेटल्या, डोळ्यांत धूळ... आणि दर दहा पेडलांनी त्याच्या हँडलवरच्या आरशात त्याचे डोळे. शकुबाई कण्हत त्याला काहीतरी म्हणाली, तेवढं दिसलं.

वेळेत आणलं, असं डॉक्टर म्हणाले.

मी घरी सांगितलं, शकुबाईला गल्लीतल्या लोकांनी नेलं, मी शिकवणीला होते. मोहरीएवढं खोटं.

दुसऱ्या दिवशी जंगू आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्याच्या जागी एक मोटरसायकलवाला यायचा, गल्लीच्या तोंडाशीच थांबून लोकांना फोन करून बोलवायचा. चंचलनंसुद्धा टोमणा मारला नाही, यावरून काय ते समजा.

आठव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पुन्हा चंचलची सायकल घेऊन शकुबाईला भेटायला सावंगीला गेले. तिच्या खाटेशी जंगू संत्रं सोलत बसला होता. छातीवर बिल्ला नव्हता.

“काऊन येत नाई तू?”

“काढलं मले.” सालीचा एकही तुकडा न तोडता तो सोलत राहिला. “माल सोडून गेलतो. पेटाऱ्यात माणूस बसवला. वरून तक्रार आली.”

“कोणाची?”

तो थांबला. “तुमचीच ना, अपेक्षा मॅडम. नाव होतं तिथं. तुमचंई बरोबरच हाय... पार्सल उशिराच पोचलं.”

फोन काढून पाहिलं. बाबांचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि त्यांचं सामान मी माझ्याच फोनवरून मागवते. त्या मंगळवारी फोन दुकानात चार्जिंगला होता. दिवाळीच्या तोंडावर गिऱ्हाईक दारात आणि मिक्सरची कॉइल चंचलच्या ओट्यावर. बाबांनी डिलिव्हरीला पाचपैकी एकच तारा दिला होता आणि खाली माइकचं बटण दाबून, बोलून लिहिलं होतं, “हा मुलगा बेजबाबदार आहे, याला कामावर ठेवू नये.” वर नाव माझं.

मी स्क्रीन त्याच्यासमोर धरली. बाबांचे शब्द आहेत, हे सांगितलं.

“तुले वाटलं... मी केली?”

“आयटीआयमधी असलो का वाटे.” त्यानं खिशातून चार घड्यांचा कागद काढला. माझा नकाशा. “हे पाहलं का मंग नाई वाटे. गाडी परत केली. पण हे त्यायचं नव्हतं.”

मी विचारलं, खरं कारण का नाही सांगितलं तिथं. म्हणाला, सांगितलं होतं की बाई आजारी होती. गोदामातल्या साहेबांनी विचारलं, दवाखान्यापर्यंत सोबत असलेलं कोणी साक्षीला आहे का. तिथं त्यानं माझं नाव घेतलं नाही. मी घरी शिकवणीचं सांगून निघते, हे त्याला ठाऊक होतं. आयटीआय झाल्यावर त्याला कंपनीच्याच बॅटरीच्या वर्कशॉपमध्ये घ्यायचं ठरलं होतं, तेही आता अडकलं. उद्यापर्यंत कोणी लिहून दिलं तर बघू, एवढंच साहेब म्हणाले होते.

म्हणजे माझं मोहरीएवढं खोटं सांभाळायला त्यानं अख्खं काम जाऊ दिलं होतं. आणि वर मीच तक्रार केली असं समजूनसुद्धा.

त्यानं संत्र्याची एक फोड माझ्या हातावर ठेवली. बोटांना बोट लागलं नाही, पण लागता लागता राहिलं...

“त्या दिवशी आजी तुले काय म्हणत होती गाडीत?”

शकुबाईनं गपकन डोळे मिटून घेतले. झोपली म्हणे.

“म्हणे, मांगं नको पाहू, पोरगी येऊनच राह्यली.”

“मंग?”

“मंग काय.” तो पहिल्यांदा हसला, थोडंसंच. “मी तरी पाह्यलं.”

परत येताना सिंदी मेघेपर्यंत सायकल कशी चालवली, आठवत नाही.

घरी बाबा पेपर पसरून मिक्सर खोलून बसले होते. आई मेथी निवडत होती. मी बॅग काढली नाही, तशीच त्यांच्यासमोर उभी राहिले. फोन बाबांच्या पुढ्यात ठेवला आणि मंगळवारचं सगळं सांगितलं. शिकवणी, पावणेचार, ओटा, पेटारा, सगळं. आईच्या हातातली जुडी हातातच राहिली. बाबांनी फोनवरचे आपलेच शब्द दोनदा वाचले. पेचकस खाली ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं — रागानं की कशानं, कळेना.

“बाबा, उद्या दहा वाजता मी त्यायच्या गोदामात जाऊन राह्यली. तक्रार माह्या नावानं हाय, मीच मांगं घेईन. पेटाऱ्यात शकुबाई होती आन् मांगं सायकलवर मी होती, हे माह्या अक्षरात लिहून देईन. तुम्ही संगं आले तर बरं होईन. नाई आले तरी मी जाईन. आन् आई... तो मले आवडते. हे मी तिथं नाई सांगणार. इथं सांगून राह्यली.”