चाळिसाच्या वर

पुलावरच्या हल्ल्यात नव्वद माणसं मेली आणि दुसऱ्याच सकाळी नदीकाठच्या मोर्च्यावर दुभंगमापक आला. आतून कुणीतरी फितूर झालं होतं. कोण, ते हे यंत्र सांगणार होतं.

सुभेदार दौलत खराडे फौजेतून निवृत्त झाल्यावर सातारा सोडून तोरेश या परक्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी स्वखुशीनं लढायला आला होता. अकरा देशांतले असे त्रेसष्ट स्वयंसेवक तिथं होते. युद्ध मात्र एकाच भाषेच्या दोन काठांचं होतं. या काठाच्या लेकी त्या काठाला दिलेल्या.

"आपलं माणूस विव्हळताना दिसलं की मेंदूतला ठरावीक भाग पेटतो," यंत्र चालवणाऱ्या डॉ. मृणाल टिपणीस त्याला सांगत होत्या. "या टोपातून शत्रूचे जखमी दाखवायचे. आकडा चाळिसाच्या वर गेला, की माणूस दुभंगलेला."

"म्हणजे फितूर?"

"नाही हो, खराडे! म्हणजे दुःखी. हे यंत्र गद्दारी मोजतच नाही. राजधानीला तीनदा कळवलंय मी."

राजधानीत कुणी ऐकलं नाही. परदेशी सगळे दहाच्या आत आले. दोनशे बारा तोरेशींपैकी एकही चाळिसाच्या खाली नव्हता. मोजणीसाठी त्यांची हत्यारं आधीच जमा करून घेतली होती. दुपारी हुकूम आला: वरच्यांना खालच्यांनी गोळ्या घालाव्यात.

खराडेच्या वाट्याला कॅप्टन ओरेल आला. जळत्या खंदकातून खराडेला पाठीवर घेऊन बाहेर काढणारा.

"पलीकडे कोण आहे तुझं?" खराडेनं विचारलं.

"बहीण. तरी पूल मी सोडला नाही, दौलत. तू शेजारीच होतास."

"होतो."

"मग?"

खराडेनं तीस वर्षं हुकूम पाळले होते. शिवाय या दोनशे बारांत एक तरी फितूर असणारच, असं त्यानं मनाला बजावलं. पहिली गोळी जबड्यात लागली. ओरेल गुडघ्यांवर कोसळला. तुटल्या तोंडानं काहीतरी सांगू लागला. दुसऱ्या गोळीनं ते थांबलं. भिंतीशी उभे केलेले सगळे संपेपर्यंत तासभर बार वाजत राहिले. खराडेनं तोंड धुतलं आणि तो पहाऱ्यावर गेला.

चौथ्या दिवशी पांढरं निशाण घेऊन पलीकडच्या परदेशी स्वयंसेवकांपैकी एक उंच केनियन पुलावर आला. खराडे सामोरा गेला.

"तुमचा तोरेशी अधिकारी कुठे आहे?" केनियनानं इंग्रजीत विचारलं.

"उरला नाही. तुमचा?"

केनियनानं निशाण खाली केलं. "आमच्याकडंही तसलंच यंत्र आलं."

दोघं आपापल्या काठाला परतले. मृणालताई धावत आल्या. "खराडे, आता तरी थांबा! दोन्हीकडं या मातीतलं कुणी राहिलं नाही. लढताय कुणासाठी?"

"हुकूम मागं घेतलेला नाही, बाई," तो म्हणाला आणि तोफेकडं वळला.

दुपारी मारा सुरू झाला. दोन्ही काठांवर नेम अचूक होते. समोर कुणाचंच कुणी नव्हतं.