एकावर एक कवच

ती खरं तर दादाची खेळाची वही त्याच्या मित्रांकडे पोचवायला आली होती. दादा पाय मोडून घरी, आणि खेळणाऱ्यांत एक जण कमी. "बस की! भावाचं पात्र तूच चालव," त्यांच्यातला चष्म्यांच्या दुकानात काम करणारा म्हणाला, आणि ती बसली... ती सहा रविवार बसतच राहिली.

खेळ तसा सोपा. टेबलाभोवती चौघं, हातात फासे, डोक्यात राक्षस. गोष्ट पुढे न्यायचं काम दातांच्या डॉक्टरांकडे. तिचं पात्र वैद्याचं, त्या चष्मेवाल्याचं जादूगाराचं. आणि दर रविवारी नियमांवरून दोघांची जुंपायची ती जुंपायचीच.

उद्या दादाचं प्लास्टर निघणार होतं. म्हणजे खुर्ची परत दादाची. त्याला जे काही सांगायचं ते आजच, आणि नेमकं तेच तिच्या तोंडून निघत नव्हतं.

खेळात ड्रॅगन अंगावर आला. तिने आपल्या वैद्यावर कवचाचा मंत्र टाकला, तीन गुणांचा, पण दोनच फेऱ्या टिकणारा. मग त्याची पाळी. त्यानेही तिच्याच वैद्यावर कवच टाकलं! दोन गुणांचं, दहा फेऱ्यांचं.

"अरे, शुद्धीवर आहेस ना?" ती तडकली. "एकाच जातीची दोन कवचं मिळून पाच होत नाहीत. मोठं तेवढंच धरतात. एकाच जातीच्या दोन गोळ्यांनी गुण दुप्पट येत नाही, हे औषधांच्या दुकानात दिवसभर लोकांना समजावते, आता तुलाही समजावू?"

"बेरीज होत नाही, ठाऊक आहे मला."

"मग स्वतःवर टाकायचं! तुझ्या जादूगारात जीव किती उरलाय बघ."

"बघितलाय," तो शांतपणे म्हणाला.

ड्रॅगनने आग ओकली. जादूगार जागीच गेला. तिसऱ्या फेरीत तिचं कवच संपलं आणि शेपटीचा तडाखा आला. तिने डोळेच मिटले.

"थांबा," डॉक्टर नियमांचं पुस्तक बघत म्हणाले. "लहान कवच पुसलं जात नाही. मोठ्याच्या आड ते चालूच असतं. मोठं संपलं की ते लागू." त्यांनी आकडे मांडले. वैद्य एका गुणाने वाचला.

सगळे आवरायला लागले.

"पुढच्या रविवारी नवा जादूगार घेऊन ये," डॉक्टर त्याला म्हणाले.

"नको डॉक्टर. पुढचा रविवार मोकळा ठेवलाय."

ती त्याच्याजवळ सरकली. "मुद्दाम मेलास?"

"तू इथे नसणार," तो फासे गोळा करत म्हणाला. "मग मी तरी बसून काय करू?"

"मी किती वाईट आहे माहितीये? दादाचा पाय सावकाश बरा होऊ दे म्हणून रोज देवाला सांगत होते. सख्खा भाऊ आहे रे माझा! तू आवडतोस मला. झालं, सांगून टाकलं."

त्याच्या हातातले फासे टेबलावर सांडले. "आठवडाभर हेच वाक्य पाठ करून आलो होतो मी..."

"मग म्हण की. मी कुठे अडवलंय?"

त्याने म्हटलं. सगळ्यांसमोर, मोठ्याने, एका दमात. डॉक्टर पुन्हा पुस्तक उघडून उगाचच पानं चाळत बसले.