शेवटचं भोक

मोबाइल पालथे ठेवा रे सगळ्यांनी. आमच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याच्या बायकोने हे स्वतः मला सांगितलंय, त्यामुळे हसायचं नाही.

गेल्या डिसेंबरातला दुसरा मंगळवार. संध्याकाळी ती नवऱ्याचा मोबाइल घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेली, आतलं सगळं पुसून टाकायला. दुकानदार म्हणाला, "ताई, आज गर्दी आहे, उद्या आणा." ती मोबाइल घेऊन घरी आली.

नवरा तिचा अंगाने पिंप. डॉक्टरांनी डोळे वटारले तेव्हा मनगटाला तो पट्टा बांधला होता त्याने. झोप, नाडी, पावलं, सगळं पट्टा मोजणार आणि ध्येय गाठायची शक्यता किती टक्के, ते मोबाइल सांगणार. पट्टा जेमतेम पहिल्या भोकात बसायचा. "शेवटच्या भोकात बसवून दाखवतो बघ," तो म्हणायचा. "आधी बिस्किटं सोडा!" ती म्हणायची.

पट्टा बोलणंही ऐकायचा. निघताना हा म्हणणार, "येतो गं." ती म्हणणार, "या लवकर." दारात 'जातो' कोण म्हणतं? पण यंत्राला काय कळतंय! त्याने तेही ध्येय म्हणून लिहून घेतलं: घरी येणे. दोघं पोट धरधरून हसले होते.

मग एका पहाटे तो पट्टा बांधून चालायला गेला आणि पुलावरून नदीत पडला. प्रेतसुद्धा मिळालं नाही.

तर त्या मंगळवारी मध्यरात्री उशाशी मोबाइल उजळला.

घरी येणे. शक्यता दहा टक्के.

बिघडला असेल, म्हणून तिने पालथा घातला. पुन्हा उजळला. तीस. पावलं वाढत होती. नाडीची जागा कोरी.

साठ.

नव्वद... जिन्यावर थप्... थप्...

दाराशी थांबलं.

तिला आनंद झाला रे! तिने ते माझ्यापासून लपवलं नाही. धावत जाऊन कडीला हात घातला. आणि फटीतून गाळाचा वास आला.

"अहो?"

...

आता 'या' म्हटलं की तो आत येणार, हे तिला कळलं. तोंडात पदर कोंबून रडली. मग आजवर दारात कधी न काढलेला शब्द तिने काढला.

"जा... तुम्ही जा आता."

 

मग थप्... थप्... खाली.

सकाळी उंबऱ्याबाहेर पट्टा पडला होता. ओला. बक्कल लावलेलंच होतं.

शेवटच्या भोकात.